एका दिवसात मुंबई : लहान गट आणि जाणता मार्गदर्शक

मुंबई एका दिवसात पाहून होते काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल. तरीही परगावहून आलेले पाहुणे, परदेशातून सुटीवर आलेले आप्त किंवा कामानिमित्त येऊन एखादा दिवस हाती उरलेले प्रवासी यांच्यापुढे अनेकदा तेवढाच अवधी असतो. त्यांच्यासाठी रूढ झालेला मार्ग म्हणजे 'मुंबई दर्शन'ची मोठी बस. सकाळी बसायचे, गेटवे, हँगिंग गार्डन, तारांगण, जुहू अशी यादी पुरी करायची आणि रात्री थकून उतरायचे. यात शहर डोळ्यांखालून जाते. मनात फारसे उतरत नाही. या पद्धतीला आता चांगला पर्याय उपलब्ध आहे. आठ-दहा जणांचा गट, सोबत शहराचा अभ्यास असलेला मार्गदर्शक आणि मोजकीच ठिकाणे, अशी ही दिवसभराची सहल. ती कशी निवडावी, तिचा मार्ग कसा असावा आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी, याची ही माहिती.

गट लहान का असावा?

कारणे अगदी व्यावहारिक आहेत. फोर्ट परिसरातील वाहतुकीच्या गोंगाटात ध्वनिक्षेपकाशिवाय माणसाचा आवाज दहा-बारा जणांपलीकडे नीट पोहोचत नाही. पदपथ अरुंद असतात. चाळीस जणांचा जथा तेथे थांबला, तर ये-जा करणाऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागते. लहान गट एकाच छोट्या वाहनात मावतो, लोकल किंवा मेट्रोनेही जाऊ शकतो, एखाद्या इराण्याकडे चहाला बसू शकतो. वृद्धांना वा मुलांना विसावा हवा असेल, तर वेळापत्रक थोडे सैल करता येते.

सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र वेगळे आहे. लहान गटात प्रश्न विचारता येतो. मोठ्या बसमधील निवेदन पाठ केलेले असते आणि ते मध्येच थांबवून 'हे कशावरून?' असे विचारण्याची सोय नसते. दहा जणांत ती असते, आणि मार्गदर्शकालाही तयारीनिशी यावे लागते.

सकाळ : अपोलो बंदर ते ओव्हल

ऊन चढण्यापूर्वी, साडेसात-आठच्या सुमारास गेटवेपासून आरंभ करणे उत्तम. १९११ मध्ये पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या आगमनाच्या स्मरणार्थ ही वास्तू योजिली गेली. राजा आला तेव्हा ती बांधलेली नव्हती. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार ती १९२४ मध्ये पूर्ण झाली. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीतून परत गेली. स्वागतासाठी उभारलेली वास्तू अशा रीतीने निरोपाची साक्षीदार ठरली.

समोरचे ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये, म्हणजे गेटवेच्या कितीतरी आधी सुरू झाले. २००८ च्या दहशतवादी हल्ल्याची आठवणही या वास्तूशी जोडलेली आहे. येथून रीगल चित्रपटगृहावरून काळा घोडा भागात यावे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आतून पाहायचे, तर निदान दोन तास हवेत. एका दिवसाच्या फेरीत ते बाहेरून पाहून पुढे जाणे आणि दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

पुढचा टप्पा ओव्हल मैदान. एका दिवसाच्या मुंबईतील सर्वांत मोलाचा अर्धा तास येथे घालवावा. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय ही एकोणिसाव्या शतकातील गॉथिक रांग. पश्चिमेला १९३० नंतरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती. दोन शतकांची वास्तुकला एका मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी आहे. या दोन्ही शैलींतील ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

मुंबईच्या कोटाच्या भिंती १८६० नंतर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत पाडल्या गेल्या, तेव्हा ही गॉथिक मुंबई उभी राहू शकली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. त्या तेजीचे धनी प्रेमचंद रायचंद यांनी मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोऱ्यासाठी देणगी दिली. १८६५ मध्ये तेजी कोसळली आणि खुद्द प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांच्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती कोरल्या आहेत. विद्यापीठ व न्यायालयाच्या आवारात प्रवेशावर निर्बंध असतात; म्हणून मैदानावरून निवांत पाहण्याचीच तयारी ठेवावी. एखादी लहान दुर्बीण जवळ असेल तर उत्तम.

दुपार : हुतात्मा चौक ते बोरीबंदर

ओव्हलवरून हुतात्मा चौक चालत काही मिनिटांवर आहे. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे स्मारक येथे शेजारी शेजारी आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला होता. मराठी पाहुण्यांच्या फेरीत या चौकाला पाच मिनिटे तरी द्यावीतच. अन्य भाषकांनाही हे राज्य कसे घडले, ते येथेच सांगता येते.

येथून हॉर्निमन सर्कल. वर्तुळाकार बागेला ज्यांचे नाव आहे ते बेंजामिन हॉर्निमन 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. सरकारवरील टीकेमुळे ब्रिटिशांनी आपल्याच या देशबांधवाला १९१९ मध्ये हद्दपार केले. बागेसमोर एशियाटिक सोसायटीचा, १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाऊन हॉल आहे. जवळच १७१८ चे सेंट थॉमस कॅथीड्रल. कोटाचा जो दरवाजा या चर्चकडे नेई, तो 'चर्च गेट'. रोज चर्चगेटला उतरणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते.

जेवण फोर्टमध्येच उरकावे आणि मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी निघाली. आजची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याची. तिचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले. २००४ मध्ये ती जागतिक वारसा स्थळ ठरली. प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि भारताचा वाघ आहेत. आतील नक्षीकामात सर ज. जी. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. कोरीव मोर, माकडे आणि पाने-फुले पाहायची असतील, तर गर्दीच्या वेळा टाळाव्यात. समोरची महापालिकेची १८९३ ची इमारतही स्टीव्हन्स यांचीच. दोन्ही एकदम दिसतील अशा ठिकाणी थांबावे.

गेटवे ते टर्मिनस हे अंतर सरळ रस्त्याने जेमतेम अडीच किलोमीटर. वळसे धरून दुप्पट होते. एवढे चालणे पायी करावे. वाहनातून या भागाचे काहीच हाती लागत नाही.

सायंकाळ : मणिभवन, बाणगंगा, चौपाटी

दुपारनंतर मात्र वाहन हवे. वाटेत महात्मा जोतिबा फुले मंडईपाशी, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटपाशी, थोडे थांबून दर्शनी भागावरील शेतकऱ्यांची शिल्पे पाहावीत. ती लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्याची आहेत. मग गावदेवीतील मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत येत तेव्हा अनेकदा येथे उतरत. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची आखणी येथून झाली आणि जानेवारी १९३२ मध्ये याच घराच्या गच्चीवरून त्यांना अटक झाली. रस्त्यावरील कोंडी टाळायची असेल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली भुयारी मेट्रो उपयोगी पडते. टर्मिनसहून ग्रँट रोडला उतरून मणिभवन गाठता येते. दहा जणांच्या गटाला हे सहज शक्य. चाळीस जणांना नव्हे.

त्यानंतर वाळकेश्वरची बाणगंगा. हा तलाव शिलाहारकाळातील मानला जातो. १७१५ मध्ये रामा कामत यांच्या देणगीतून त्याचा व देवळाचा जीर्णोद्धार झाला. इंग्रजी मुंबईच्या आधीही येथे मुंबई होती, हे दिवसभरात प्रथमच डोळ्यांना दिसते. म्हणून हे ठिकाण वगळू नये. शेवट मरीन ड्राइव्हवर, सूर्यास्ताला. पूर्वेच्या समुद्रापासून सुरू झालेला दिवस पश्चिमेच्या समुद्रापाशी संपतो.

घारापुरीची लेणी या यादीत जाणीवपूर्वक घेतलेली नाहीत. लाँचने एका बाजूचा प्रवासच सुमारे तासाभराचा असल्याने त्यांना अर्धा दिवस लागतो. शिवाय सोमवारी ती बंद असतात.

दंतकथा आणि दस्तऐवज

मार्गदर्शक जाणता आहे की नुसता वाक्चतुर, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. त्याला ताजच्या वास्तुविशारदाविषयी विचारावे. परदेशी वास्तुविशारदाचा आराखडा उलटा बांधला गेला, हॉटेलचे तोंड चुकीच्या बाजूला झाले आणि ते पाहून त्याने उडी घेतली, ही कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी, की ताजचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. काम पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने ठेवण्यात चूक नव्हती, कारण घोडागाड्या तिकडूनच येत.

दुसरी कथा बोरीबंदर स्थानकाची. त्याचा आराखडा मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाशी अदलाबदल झाला, असे सांगतात. मेलबर्नच्या त्या इमारतीसाठी स्पर्धा झाली ती १८९९ मध्ये, म्हणजे मुंबईची इमारत उभी राहून दशक उलटल्यावर. एवढा एक सन ठाऊक असला, तरी कथा गळून पडते.

अशा कथांनी करमणूक होते, मग बिघडले काय? बिघडते ते असे, की दंतकथा नेमकी खरी नावे पुसून टाकते. ताजच्या कथेतील कल्पित परदेशी माणूस सर्वांना ठाऊक असतो. सीताराम खंडेराव मात्र अपरिचित राहतात. हेच सीताराम खंडेराव बोरीबंदरच्या बांधकामात स्टीव्हन्स यांचे साहाय्यक अभियंता होते. राजाबाई टॉवरवरील मूर्तींमागे रावबहादूर मुकुंद रामचंद्र हे साहाय्यक अभियंते होते. रेल्वे मुंबईत यावी म्हणून झटलेल्या जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा एशियाटिकच्या इमारतीत आहे. बहुतेक पाहुण्यांसाठी मार्गदर्शकाचे दोन-चार तास हाच मुंबईचा एकमेव इतिहास ठरतो. त्यात ही नावे आली नाहीत, तर 'मुंबई इंग्रजांनी बांधली' एवढेच घेऊन पाहुणा घरी जातो.

नोंदणीपूर्वी काय विचारावे?

गटात जास्तीत जास्त किती माणसे असतील, हे प्रथम विचारावे. 'लहान' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. मार्गदर्शकाकडे परवाना व ओळखपत्र आहे काय, प्रवेशशुल्क, वाहन व जेवण दरात धरले आहे काय, चालणे किती, स्वच्छतागृहांची सोय कोठे, आणि पावसामुळे सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतात काय, याचीही खातरजमा करावी. खरेदीसाठी दुकानांत नेणाऱ्या सहली टाळाव्यात. दिवसाचा एक तास तेथे वाया जातो. ठिकाणांच्या वेळा व सुट्या बदलतात, त्या आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात.

भाषेचा प्रश्न आवर्जून विचारावा. अशा सहली बहुधा इंग्रजीत असतात. परंतु आठ-दहा नातलग वा शेजारी एकत्र आले, तर तोच मार्गदर्शक फक्त त्यांच्यासाठी मराठीत बोलावता येतो. घरातील आजी-आजोबा आणि मुले यांना एकत्र शहर दाखवण्याचा हा चांगला मार्ग आहे.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रविवारी फोर्टचे रस्ते मोकळे असतात, इमारती निवांत दिसतात. कामाच्या दिवशी डबेवाल्यांपासून वकिलांपर्यंतची चालती-बोलती मुंबई दिसते. काय पाहायचे, त्यावर वार ठरवावा.

पाहण्याचा शिष्टाचार

महालक्ष्मीचा धोबीघाट वा धारावी यांचा समावेशही काही सहलींत असतो. तेथे पाहायला मिळतात ती माणसे, त्यांचे काम आणि त्यांची घरे. विचारल्यावाचून छायाचित्र काढू नये, दारातून आत डोकावू नये आणि सहलीच्या उत्पन्नातील वाटा त्या वस्तीला मिळतो काय, हे आयोजकाला मोकळेपणाने विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो भाग वगळावा. त्याने एका दिवसाच्या मुंबईत काही उणे पडत नाही.

मुंबईकरांसाठीही

अशा सहलींकडे मुंबईकर बहुधा पाठ फिरवतात. 'आम्ही रोजच पाहतो' हे त्यामागचे कारण. परंतु ८.१२ ची लोकल पकडणारा मनुष्य टर्मिनसचा घुमट पाहत नाही, फलाटाचा क्रमांक पाहतो. वर्षातून एखादा दिवस आपल्याच शहरात पाहुण्यासारखे हिंडावे, मार्गदर्शकाला चार प्रश्न विचारावेत आणि त्याच्या उत्तरांत आपल्या माणसांची नावे येतात काय, हे ऐकावे. ज्या वास्तूंची नावे-गावे आपल्याला ठाऊक असतात, त्यांच्या जतनाचा आग्रहही आपण धरतो. एका दिवसाच्या खर्चात एवढे साधले, तर तो दिवस सत्कारणी लागला असे समजावे.