वुकोवार ते शिकागो : ‘ईआर’मधील परका डॉक्टर

मायकेल क्रायटन यांनी १९७४ साली लिहिलेली पटकथा वीस वर्षे पडून होती. १९९४ च्या सप्टेंबरात ती ‘ईआर’ या मालिकेच्या रूपाने एनबीसी वाहिनीवर आली आणि २००९ पर्यंत, ३३१ भागांत, शिकागोच्या एका सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग हेच तिचे घर राहिले. ‘घर’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजतो. तेथे वावरणाऱ्या पात्रांची खरी घरे बहुधा मोडलेली असतात. धनाढ्य कार्टरचा भाऊ लहानपणीच रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, आईवडील दुरावलेले. पण कार्टरचे दुःख समजण्यास कुटुंबाची चौकट पुरते. लुका कोवाचच्या बाबतीत ती पुरत नाही. तेथे इतिहासाकडे जावे लागते.

१९९९ साली मालिकेत आलेला हा डॉक्टर क्रोएशियाचा. (ती भूमिका करणारा गोरान विश्नयिचही तिथलाच, शिबेनिकचा, उच्चारातला परकेपणा त्याला शिकावा लागला नाही.) वुकोवारच्या युद्धात लुकाची पत्नी आणि दोन मुले मारली गेली. ही हकीकत तो सविस्तर सांगतो ती मरणपंथाला लागलेल्या एका बिशपला, जणू कबुलीजबाब द्यावा तशी. डॅन्यूबकाठच्या या शहराला १९९१ च्या ऑगस्टपासून ८७ दिवस वेढा पडला होता. १८ नोव्हेंबरला ते पडले. दोनच दिवसांनी तेथल्या रुग्णालयातून बाहेर काढलेल्या सुमारे दोनशे जणांना ओव्चारा येथे ठार मारण्यात आले. त्यांत जखमी रुग्णही होते. २००७ साली हेगच्या न्यायाधिकरणाने या प्रकरणी दोन लष्करी अधिकाऱ्यांना दोषी ठरविले.

रुग्णालय हा माणसाचा अखेरचा आसरा, ही ‘ईआर’ची मूळ श्रद्धा. वुकोवारने तीच खोटी ठरविली होती. लुकाच्या हकिगतीचा भर मात्र उद्ध्वस्त घरावर आहे, आणि आमच्या मते येथे मालिका आपल्याच विषयाच्या उंबरठ्यावरून परत फिरते. त्या शहरातून आलेल्या डॉक्टराने पुन्हा रुग्णालयातच आपली माणसे शोधावीत, हा विरोधाभास लेखकांना कितपत जाणवला होता, कोण जाणे.

मार्क ग्रीनची गोष्ट सोपी आहे. २००२ साली तो मेंदूतल्या गाठीने मरतो आणि अखेरच्या भागात त्याची मुलगी वैद्यकीची भावी विद्यार्थिनी म्हणून त्याच विभागात येते. वारसा रक्तातून परततो. लुकाला ॲबीशी संसार आणि एक मुलगा मिळतो खरा. पण ते तिघे शिकागो सोडून बॉस्टनला जातात.