केळनेचा उतार

"दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली, की मधी उतार असतोच," असं सांगून आजोबा असईच्या लढाईची गोष्ट सुरू करायचे. २३ सप्टेंबर १८०३. वाटाडे म्हणत होते, पुढं नदी उतरायला जागा नाही. इंग्रज सेनापती वेलस्लीला पिंपळगाव आणि वरूड ही गावं आमनेसामने दिसली आणि त्यानं ताडलं, की इथल्या लोकांचं येणंजाणं असणारच. फौज तिथूनच केळना उतरली. केळना आणि जुई यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. इथं आजोबांचा आवाज खाली यायचा. पण शत्रूला जमिनीची पारख होती, हे ते मोकळेपणानं मान्य करायचे.

असई आमच्या जालना जिल्ह्यातलीच; जालन्याला लष्कर नवं नव्हतं. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी इथं होती. १९०३ साली हे कंटिन्जंट ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झालं. छावणीच्या बिगुलाबद्दल आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं.

त्यांना विशेष कुतूहल होतं ते पुण्याजवळच्या खडकवासल्याचं. तिन्ही दलांचे अधिकारी एकत्र घडवायचं ठरलं, तेव्हा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आपल्याकडं यावी म्हणून राज्याराज्यांत चढाओढ लागली. मुंबई राज्यानं सर्वांत मोठी जमीन देऊ केली आणि मान मिळवला. जमीनही कशी? तलाव, लगतचे डोंगर, निरोगी हवा, जवळ लोहगावचा हवाई तळ, समुद्रही फार लांब नाही. शिवाय तलावाच्या उत्तर काठावर 'अँगोस्तुरा' नावाचं नकली जहाज आधीपासून उभं होतं; जहाजातून किनाऱ्यावर उतरायचा सराव सैनिक त्यावर करत असत. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. सुदाननं भारतीय सैनिकांच्या बलिदानाची आठवण ठेवून दिलेल्या पैशातला वाटाही या बांधकामाला लागला. मुख्य इमारतीला 'सुदान ब्लॉक' हे नाव त्यातूनच मिळालं.

"पाणी बघितलं, डोंगर बघितला, बरंच केलं," आजोबा म्हणायचे, "पण आपल्या लेकराला तिथवरची वाट कोण दाखवणार?" निजामाचा अंमल जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आजोबांची स्वतःची शाळा उर्दूतली. पुण्याच्या मुलाला जे घराजवळ होतं, ते आमच्याकडं कुणी ऐकलेलंही नव्हतं. मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. जागा निवडताना डोंगर-पाण्याइतकाच, ती कुणाच्या आवाक्यात येते याचाही विचार व्हायला हवा.

तसा विचार पुढं झाला. १९७७ साली राज्य सरकारनं औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. तिला तलाव लागला नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलांना तिथं ठेवून एनडीएसाठी तयार केलं जातं. जालन्याहून एसटीनं सकाळी निघालं, तर जेवणाच्या आत पोहोचता येतं. मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे. घरात दहावीचं लेकरू असेल, तर प्रवेश परीक्षेच्या जाहिरातीकडं लक्ष ठेवा आणि अर्ज वेळेत भरा.