नावानिशी

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळाने या शहरातील मराठी माजी सैनिकांचा सत्कार योजिला आहे. आपले शहर छावणीचे. येथील मराठी वस्ती मुळात लष्कर, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या आश्रयाने वाढली, आणि गणेशोत्सवाच्या मंडपापासून वाचनालयाच्या कपाटापर्यंत निवृत्त सुभेदार-हवालदारांचा हात लागला नाही असे एकही काम मंडळात दाखविता येणार नाही. तेव्हा सत्कार व्हावा हे उचितच आहे. मात्र शाल, श्रीफळ आणि चार गौरवाचे शब्द एवढ्यावर तो संपावा काय, हा प्रश्न उरतो. सैनिकांचे स्मरण आजवर कोणी कसे केले, त्यात काय साधले आणि काय निसटले, हे पाहिल्यास त्याचे उत्तर शोधणे सोपे जाईल.

पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी प्रामुख्याने लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी जनरल टाउनशेंड यांच्या सैन्यात होत्या. तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावात डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने, हे सैन्य वेढ्यात अडकले. शिधा रोज घटत गेला. घोडे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले तेव्हा पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मभावनेने ते बराच काळ नाकारले आणि उपासमार पत्करली. अखेर शरणागती झाली. पुढे वाळवंटातील कूच आणि तुर्कांची कैद यांत अगणित जीव गेले. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतील किती घरांत त्या वर्षी वाट पाहणे सुरू झाले आणि ते कधी संपलेच नाही, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ११७ व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. ११४ व्या पलटणीने १९१८ च्या ऑक्टोबरात शरकत येथे मोठे नाव मिळविले. पलटणींचे नाव झाले. शिपायांचे काय झाले ते पाहू.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची कबर वा दहनस्थान ज्ञात नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक १९२९ साली बसऱ्याजवळ उभारले गेले. युद्धस्मारकांचे काम पाहणाऱ्या साम्राज्याच्या आयोगाचे तत्त्व मोठे उदात्त होते : मृत्यूत सर्व समान, प्रत्येकाचे स्मरण नावानिशी. प्रत्यक्षात बसऱ्याच्या भिंतीवर इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. परंतु हिंदी हवालदार, नाईक आणि शिपाई यांच्या वाट्याला केवळ संख्या आली. पलटणीचे नाव, आणि त्यापुढे इतके इतके शिपाई! तीस हजारांहून अधिक माणसे अशी आकड्यांत विरघळून गेली. १९९७ साली इराकी राजवटीने ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले. आकडेही त्याच्याबरोबर गेले. या पक्षपाताबद्दल आयोगाने २०२१ साली आपला अहवाल प्रसिद्ध करून क्षमा मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली क्षमा ऐकावयास त्या शिपायांची मुलेही उरली नव्हती, असे म्हणावे लागते.

आकड्यांची ही रीत केवळ परदेशात होती असे नाही. युद्ध संपल्यावर ज्या गावांतून पुष्कळ जवान गेले त्या गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर असे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्या गावाला आज सारा महाराष्ट्र ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतो, आणि घराघरांतून सैन्यात जाण्याची परंपरा तेथे पुढेही चालू राहिली. अशा बहुतेक पाट्यांवर नावे नसली तरी गावकऱ्यांना त्यांची गरजही नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. पाटी चावडीपाशी असते आणि कोणत्या वाड्यातला कोण गेला हे गाव तोंडपाठ सांगते. अडचण सुरू होते ती गाव सुटल्यावर. आपल्यासारख्या दूर येऊन राहिलेल्या कुटुंबांना चावडी नाही आणि सांगणारे गावही जवळ नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत पुष्कळ बदलले होते. १९२२ सालच्या पुनर्रचनेत मराठा पलटणी एका रेजिमेंटच्या छत्राखाली आल्या आणि बेळगाव हे त्यांचे घर झाले. इटलीच्या रणांगणावर या रेजिमेंटला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. पहिला नाईक यशवंत घाडगे यांचा. माणगाव तालुक्यातील, तेव्हाच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यातील, हा अवघा बावीस वर्षांचा तरुण. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. घाडगे एकटे धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकास टॉमीगनने टिपले. नवे मॅगझिन चढविण्यास उसंत नव्हती तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी ते भिडले व त्यांना लोळविले. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात दुरून आलेल्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्यांची कबर नाही. कासिनो येथील स्मारकावर नाव आहे. मार्च १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावर व्हाइसरॉय वेव्हेल यांनी ते पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या हाती दिले. ज्या किल्ल्यावर दोन वर्षांनी स्वतंत्र भारताचा तिरंगा फडकावयाचा होता, त्या किल्ल्यात नऊवारीच्या जगातून आलेल्या एका तरुण विधवेने पतीच्या बदल्यात ते कांस्याचे पदक घेतले. या प्रसंगाची आठवण आपण मराठी माणसे पुरेशी ठेवीत नाही, असे मला वाटते.

माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. परंतु ज्या स्मरणाने मन खरोखर हलते ते इटलीत घडले. पेरुजा प्रांतातील मोंतोने या लहानशा गावाच्या पंचायतीने आणि तेथील लष्करी इतिहासकारांनी जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारले. एकाच सूर्याखाली आपण सारे, अशा अर्थाचे लॅटिन शब्द हे त्याचे बोधवाक्य. आपल्या डोंगरात परका एक मुलगा मरण पावला, त्याचे नाव काय, तो कोठला, हे त्या गावाने विचारले आणि ते दगडात लिहिले. इटलीच्या मोहिमेत पाच हजारांहून अधिक हिंदी सैनिकांनी प्राण ठेवले. त्यांतील एका नावापाशी ते गाव थांबले.

दुसरा क्रॉस शिपाई नामदेव जाधव यांचा. संगमनेर तालुक्यातील निमज गावचे जाधव हे कंपनीचे रनर होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून सुखरूप आणले, पुन्हा परत जाऊन मशीनगनची ठाणी मोडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलाविले. ते जगले, आणि १९८४ पर्यंत जगले. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे हेही असेच. मुंबई सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे रात्रंदिवस काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्राचे ते पहिले हयात मानकरी ठरले. १९६८ साली ते निवृत्त झाले, १९९४ साली वारले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला तो २००६ साली, आणि अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव मिळाले ते २०२३ साली. पुतळा झाला हे चांगलेच झाले; पण निवृत्तीनंतरची सव्वीस वर्षे हे गृहस्थ आपल्यातच वावरत होते, तेव्हा शेजारच्या मुलांनी त्यांच्याजवळ बसून राजौरीचा रस्ता कसा उघडला हे त्यांच्याच तोंडून ऐकले असते तर त्याची सर ब्राँझला आली नसती.

आपल्या शहरातील माजी सैनिकांत परमवीर कोणी नाही. कोणी सिग्नलमध्ये होते, कोणी गाडी हाकली, कोणी सैन्याचा भटारखाना सांभाळला, कोणी इस्पितळात रुग्णसेवा केली. त्यांच्यासाठी शासन पुतळा उभारणार नाही, आणि त्यांनीही तो कधी मागितला नाही. म्हणूनच त्यांची नोंद ठेवणे हे मंडळाचे काम ठरते. माझी कार्यकारिणीस विनंती अशी की, सत्काराच्या दिवशी हार घालण्यापूर्वी प्रत्येकाचे संपूर्ण नाव, गाव, तालुका, पलटण आणि नोकरीची वर्षे सभेत वाचून दाखवावीत. ज्या घरी सैनिक आज हयात नाही त्या घरच्या वहिनींना वा आजींना व्यासपीठावर त्याच मानाने बसवावे. आणि वाचनालयात एक जाड बांधणीची वही कायम ठेवावी. तरुण सभासदांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एकेका घरी जाऊन ती भरावी. ज्येष्ठ जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि सांगावयाचे नसेल त्यांना आग्रह करू नये, कारण युद्धाविषयी न बोलण्याचाही सैनिकाला हक्क असतो.

एक लहानशी सूचना वही भरणाऱ्यांसाठी. पेन्शनच्या कागदांवर गावांची नावे इंग्रजीत आहेत आणि पलटणीच्या कारकुनाने ती जशी ऐकली तशी लिहिली आहेत. त्यांवरून गाव ताडू नये. घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून ते दोनदा उच्चारून घ्यावे आणि मगच देवनागरीत लिहावे.