जावास्क्रिप्ट
वेबपृष्ठाबरोबर वाचकाच्या संगणकावर येऊन तेथील ब्राउझरमध्येच कार्यान्वित होणाऱ्या आज्ञावली लिहिण्याची भाषा. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत मे १९९५ मध्ये तिचा पहिला नमुना सु. दहा दिवसांत तयार केला. डिसेंबर १९९५ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ‘जेस्क्रिप्ट’ हे तिचे प्रतिरूप आणले. पृष्ठातील घटक शोधण्याच्या व माऊसच्या टिचकीची दखल घेण्याच्या पद्धती दोन्ही ब्राउझरांत भिन्न असल्याने एकच काम दोनदा लिहावे लागे.

१९९७ मध्ये एक्मा या संस्थेने भाषेचे मानक प्रसिद्ध केले. परंतु पृष्ठातील घटकांशी होणारा व्यवहार त्याच्या कक्षेबाहेर होता. त्यासाठी १९९८ मध्ये निराळे मानक झाले, तरी ब्राउझरांनी त्याचे पालन सारखे केले नाही. २००६ मध्ये जॉन रेसिग यांच्या ‘जेक्वेरी’ या तयार आज्ञासंग्रहाने हे भेद लेखकांच्या दृष्टिआड केले.

भाषेतील मूळ दोष मात्र सहसा काढता येत नाहीत; कारण त्यांवर विसंबलेली जुनी पृष्ठे बंद पडतील. उदा., ‘नल’ या रिक्त मूल्याचा प्रकार विचारल्यास ‘ऑब्जेक्ट’ असे चुकीचे उत्तर आजही मिळते. २०१८ मध्ये ‘फ्लॅटन’ या नव्या क्रियेमुळे ‘मूटूल्स’ हा जुना आज्ञासंग्रह वापरणारे पृष्ठ बिघडल्याचे आढळले. म्हणून ती ‘फ्लॅट’ या नावाने २०१९ च्या मानकात समाविष्ट झाली. अशा रीतीने या भाषेची सुधारणा मुख्यतः जुने राखून व नव्याची भर घालून होत आली आहे.