त्रेचाळीस दातांची जीप

आमच्या बजाजनगरात चाकं मोजायची ती दोनापर्यंत, फार तर तिनापर्यंत. साहजिकच आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानं ही वस्ती वाढली. चौथं चाक म्हणजे उधळपट्टी असं मानणारी सज्जन माणसं इथं अजून आहेत. अशा ठिकाणी शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर लिलावातली जुनी जीप आणून दारात उभी केली, तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

काकांच्या चिरंजीवांना या जीपला ३१ इंची टायर हवे होते. मूळचे साधारण २८ इंच उंचीचे. तीन इंचांनी काय बिघडतं, असं तुम्हीही म्हणाल.

पण या तीन इंचांमागे इतिहास आहे, बरं का! १९४१ साली विलीज कंपनीनं अमेरिकन फौजेसाठी जीप बनवली, तेव्हा तिच्या ॲक्सलमधल्या पिनियनला ८ दात होते आणि क्राऊनला ३९. म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक. शिपायाला पळायची घाई, त्याचं यात भागत होतं. १९४५ साली युद्ध संपलं, गिऱ्हाईक घरी गेलं, तेव्हा विलीजनं तीच जीप शेतकऱ्याला विकायला काढली. नांगर ओढायचा तर पळून काय उपयोग? म्हणून पिनियन ८ दातांचाच ठेवला आणि क्राऊनला ४३ दात केले. प्रमाण झालं ५.३८. चाल मंदावली, ओढ वाढली. माणसाचं उलटं असतं. वयाबरोबर दात कमी होतात आणि ओढ वाढते. पुढे महिंद्रांनी विलीजच्या जीपा आधी मुंबईत जुळवल्या, मग परवाना घेऊन इथंच बनवल्या, आणि फौजदारापासून आमदारापर्यंत सगळे तीत बसले.

काका, चिरंजीव आणि (फुकट सल्लागार म्हणून) मी, असे आम्ही उस्तादांच्या गॅरेजात गेलो. भाजीची पिशवी घेऊन काकूही आल्या. उस्तादांनी डिफ्रन्शियलला हातही लावला नाही. गिअर न्यूट्रल केला, मागचं एक चाक जॅकवर उचललं, शाफ्टवर खडूची खूण केली आणि चाक बरोबर दोनदा फिरवलं. शाफ्ट सव्वापाच फेऱ्यांच्या जरासा पुढे जाऊन थांबला.

"त्रेचाळीस दात. शेतीवाली गाडी आहे, काका."

तोंड न उघडता दात मोजणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला.

मग फरशीवर खडूनं हिशेब झाला. २८ इंची चाक एका फेऱ्यात ८८ इंच जातं, ३१ इंची ९७च्या वर. म्हणजे फेऱ्यामागे वीतभर जादा रस्ता, आणि तो ओढायचा त्याच म्हाताऱ्या इंजिनानं. ५.३८ला २८नं गुणून ३१नं भागलं, उत्तर आलं ४.८६. शेतकऱ्याची जीप पुन्हा शिपायाची! चिरंजीव खूश. त्यात काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६६नं पळत असणार, हे कळल्यावर तर फारच.

"पण शिपायांबरोबर त्यांच्या नणंदा नव्हत्या," उस्ताद म्हणाले.

काकूंचं माहेर चाळीसगावचं. मध्ये औट्रम घाट. भरल्या जीपनं येताना घाट चढायचा, तिथं क्लच जळेल. तो बदलता येतो. जाताना मात्र उतरायचं. इंजिनाचा अडसर कमी झालेला, आणि ब्रेकचे ड्रम तेच ९ इंची. चाक मोठं झालं की त्यांचीही पकड त्याच हिशेबानं कमी पडते. काका गप्प झाले. एवढ्या वर्षांत काकूंना त्यांनी स्कूटरवरून कधी पाडलं नव्हतं.

"मग क्राऊन बदलू," चिरंजीव म्हणाले.

पहिली ओढ परत हवी तर प्रमाण जवळजवळ सहा लागणार. तेही पुढं आणि मागं दोन्हीकडे. फोर-व्हीलला टाकणार तर दोन क्राऊनची पत्रिका जुळलीच पाहिजे. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं, आणि मधल्या ट्रान्सफर केसचा जीव जातो. म्हणजे खर्च दुप्पट, आणि इतकं करून ब्रेकचे ड्रम ९ इंचीच.

काकूंनी एवढंच विचारलं, "पायरी किती वर जाईल हो, उस्ताद?"

"दीड इंच, ताई."

"माझे गुडघे आत्ताच बोलतात. नको."

चिरंजीवांनी मग हॉर्न बदलून घेतला.