मूळचं रशियाचं नसलेलं 'रशियन' झाड

मे महिन्यात काश्मीरला गेला असाल तर हवेत उडणारा कापूस पाहिला असेल. तिथं विचारलंत तर सांगतील, 'रशियन' पॉप्लरचा उपद्रव. गंमत म्हणजे हे झाड मूळचं अमेरिकेचं! १९८२च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने सामाजिक वनीकरण सुरू झालं, तेव्हा ते खोऱ्यात आलं.

लावायला एकदम सोपं. पानगळीनंतर वीतभर फांदी कापायची, ओल्या जमिनीत खोचायची, वसंतात फुटवा हजर. देशी पॉप्लरपेक्षा कितीतरी लवकर, १०-१५ वर्षांत तोडणीला तयार. सफरचंदाच्या पेट्या, प्लायवूड, सगळ्याला गिऱ्हाईक. शेतकऱ्याने का लावू नये?

पण फांदीपासून वाढलेलं झाड म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. पॉप्लरमध्ये नर आणि मादी झाडं वेगवेगळी. मादीची फांदी लावली की मादीच येणार, आणि कापूस उडतो तो मादीच्या बियांचा. हे रोपवाटिकेतच बघायला हवं होतं. बघितलं नाही.

मग २०१५ मध्ये हायकोर्टाने मादी झाडं तोडायला सांगितलं. २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने पुन्हा कुऱ्हाड चालली. डॉक्टर सांगत होते की ॲलर्जी मुख्यतः परागकणांची, कापसाची नाही. पण कापूस दिसतो, पराग दिसत नाहीत. ज्यांनी सरकारच्या सांगण्यावरून झाडं लावली, त्यांनीच ती तोडायची.

आपल्याकडेही दर पावसाळ्यात 'झपाट्याने वाढणाऱ्या' झाडांच्या मोहिमा निघतात. किती लावली हे सगळेच विचारतात. फांदी कुठल्या झाडाची, हेही विचारा की!