श्रावणातली दक्षिणा आणि तिचे वारस

श्रावण महिना जवळ येऊ लागला की पेशवाईतल्या पुण्याकडे दूरदूरच्या प्रांतांतून वैदिक, शास्त्री, पुराणिक आणि त्यांच्या मागोमाग निव्वळ भिक्षुकीवर चरितार्थ चालविणारे ब्राह्मण यांची रीघ लागे, आणि त्या महिन्यात सरकारच्या खजिन्यातून दक्षिणेच्या रूपाने बाहेर पडणारी रक्कम लाखांत मोजली जाई. हा शिरस्ता मुळात पेशव्यांचा नव्हता. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तो तळेगावास चालविला होता. 1731 मध्ये त्यांचे पुत्र त्रिंबकराव डभईच्या रणांगणावर पडले, आणि ज्या बाजीरावाशी लढताना ते पडले त्यानेच त्यांच्या घराण्याचे हे धर्मकृत्य आपल्या शिरावर घेऊन पुण्यास आणले. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला आपल्या अर्जाची वंशावळ इतक्या मागे पोचते याची कल्पना क्वचितच असेल. परंतु महाराष्ट्रात विद्येप्रीत्यर्थ सरकारी पैसा कसकसा खर्च होत आला याचा माग काढू लागले म्हणजे वाट या दक्षिणेपाशीच येऊन ठेपते, आणि पुढे दोन शतके ज्या दोन प्रश्नांनी या व्यवहाराचा पिच्छा पुरविला ते प्रश्नही, म्हणजे हा पैसा कोणाला द्यावा आणि दिल्यावर घेणाऱ्याकडून काय मागावे, येथेच प्रथम उभे राहिलेले दिसतात.

दक्षिणेची वाटणी सरसकट नव्हती. नामांकित शास्त्र्यांची विद्या पारखून त्यांचा मान वेगळा होई आणि त्यांना मोठी रक्कम मिळे. बाकीच्या समुदायासाठी पर्वतीच्या पायथ्याचा रमणा होता. त्या बंदिस्त आवारात मंडळींना घेत आणि मग दरवाजातून एकेकाला बाहेर सोडताना हातावर नाणे ठेवीत, जेणेकरून एकच मनुष्य दोनदा दक्षिणा घेऊन जाऊ नये. रामशास्त्री प्रभुणे यांच्याकडे या वाटपाची देखरेख असतानाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचे बंधू दक्षिणेसाठी पुढे आले तेव्हा शास्त्रीबोवांचा मान राखण्यासाठी नाना फडणिसांनी त्यांना वीस रुपये देण्याची तजवीज सुचविली. पण भावाच्या अंगी विद्या नाही, तेव्हा इतरांप्रमाणे त्याला दोनच रुपये मिळावेत, भाऊ म्हणून त्याचे जे करायचे ते मी माझ्या घरून करीन, असे रामशास्त्र्यांनी सांगितले. सरकारी पैसा देताना नाते पाहू नये, योग्यता पाहावी, ही जाणीव त्या काळी होती आणि ती बाळगणाऱ्याचे नाव लोकांनी आदराने जपले, एवढे या कथेवरून निश्चित होते. मात्र त्या योग्यतेच्याही आधी एक पात्रता होती, आणि ती जन्माची होती. ज्यांच्या शेतसाऱ्यातून तो खजिना भरत असे त्या कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला रमण्याचा दरवाजा उघडण्याचा प्रश्नच तेव्हा कोणाच्या मनात आला नाही; आणि स्त्रीविद्येचा विचार तर त्याहूनही दूर राहिला.

1818 मध्ये राज्य गेले. नव्या सत्तेला पुण्याच्या ब्राह्मणवर्गाचा रोष परवडणारा नव्हता, आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनइतका मुरब्बी मुत्सद्दी हे ओळखून होता. म्हणून दक्षिणा बंद न करता तिला वार्षिक 50,000 रुपयांची मर्यादा घालून तिचा ओघ विद्येकडे वळवावा असे धोरण त्याने आखले. याच धोरणातून 1821 मध्ये, चॅप्लिन हा दख्खनचा कमिशनर असताना, विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे जुनेच विषय तेथे जुन्याच पद्धतीने शिकविले जात आणि विद्यार्थ्यांना उदरनिर्वाहापुरते वेतन मिळे. वरवर पाहता यात नवे असे काहीच नव्हते. तथापि श्रावणातल्या एका दिवसाच्या दानाऐवजी अभ्यासाच्या मुदतीपर्यंत दरमहा नेमणूक, हा जो फरक येथे पडला तो मला फार मोलाचा वाटतो. दान घेऊन मनुष्य घरी परततो. नेमणूक मिळाली तर तो पाठशाळेत टिकतो.

या प्रकरणातला खरा कलह मात्र 1849 साली उसळला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि त्यांच्या विचाराची पुण्यातली तरुण मंडळी यांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेच्या रकमेपैकी काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावा. या मागणीने एकाच वेळी दोन सिंहासने हलविली. संस्कृताच्या शेजारी मराठीला जागा द्या, असे तिचे म्हणणे होते, आणि जन्माच्या जागी कर्तृत्व पाहा, असेही. शहरात मोठा क्षोभ झाला, सह्या करणाऱ्यांना दहशत घालण्यापर्यंत पाळी आली, आणि त्या समयी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना त्या दक्षिणेतला एक पैसाही कधी मिळाला नव्हता ते लोक तिच्या न्याय्य विनियोगासाठी रस्त्यावर आले, ही गोष्ट आपल्या शिक्षणाच्या इतिहासात ठळक अक्षरांनी लिहिली जावी अशी आहे.

अर्जाला यश आले. 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथकारांना पारितोषिके मिळू लागली. परंतु नियम बदलला म्हणून तो चालविणारे हात बदलतातच असे नाही. चारच वर्षांनी, 1855 मध्ये, जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे धाडले. भोळ्या शेतकरी जोडप्याला धर्माच्या नावाने कसे नाडले जाते आणि विद्या मिळाल्याने त्यांचे डोळे कसे उघडतात हा त्याचा विषय होता. कमिटीने ते स्वीकारले नाही, आणि तिच्यातल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केले. जी कमिटी उभी राहावी म्हणून त्यांनी आपली माणसे उभी केली होती तिनेच त्यांचे लेखन परत करावे, याची खंत शतक उलटून गेल्यावरही वाचकाला बोचल्यावाचून राहत नाही.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाल्यावर दक्षिणेच्या निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमण्याची प्रथा पडली. बुद्धिमान विद्यार्थ्याने पुढील अभ्यास करावा, खालच्या वर्गांना थोडे शिकवावे आणि त्याबद्दल दरमहा वेतन घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्रिंबक तेलंग ही नावे त्या यादीत आहेत, आणि ती वाचताना असे वाटते की एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या बौद्धिक जीवनाचा मोठा भाग या एका निधीने पोसला. पण देणाऱ्याचा हात वर असतो हे रानड्यांनाही अनुभवावे लागले. विद्यार्थिदशेत लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना करून पहिल्याला झुकते माप दिले. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांना रानड्यांविषयी मोठे ममत्व होते, तरी जे सरकार तुम्हांला शिकविते त्याचीच निंदा करू नये अशी त्यांनी समज दिली, आणि शिष्यवृत्ती सहा महिने तहकूब झाली. ज्या दक्षिणेचा उगम मराठ्यांच्या दौलतीत होता तिच्याच छायेत वाढणाऱ्या विद्यार्थ्याने त्या दौलतीविषयी बरे लिहिले म्हणून त्याचे वेतन थांबावे, हा प्रसंग विचारात पाडणारा आहे.

सरकारच्या जोडीला श्रीमंतांचे दातृत्वही होते. नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांत पिढ्यान्पिढ्या मोठ्या मानाची ठरली. 1912 मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. परंतु असल्या मानाच्या शिष्यवृत्त्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि शिकू पाहणारी मुले शेकड्यांनी. तेव्हा बहुतेकांचे शिक्षण घरच्यांच्या ओढाताणीवरच चालले. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांना दरमहा पंधरा रुपये पगार, आणि त्यातले आठ ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या सातांत संसार कसा रेटला असेल याचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही. गोखल्यांना पुढे वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, ती प्रथम गोविंदरावांच्या घराला मिळाली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

ज्याला तेवढाही आधार नसे त्याच्यासाठी पुण्यात वार होते आणि माधुकरी होती. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी लेल्यांकडे, असे आठवड्याचे वार लावून घ्यायचे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी झोळी घेऊन दारोदार ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणत हिंडायचे, आणि पाच-सात घरचा भात, आमटी आणि पोळीचे तुकडे एकत्र करून खोलीवर येऊन जेवायचे. यजमानीणबाई मायाळू असली तर पानात तुपाची धार पडे. नसली तर पंगत उठून गेल्यावर मागच्या पडवीत पान मांडले जाई. मोठमोठ्या पदांना चढलेल्या अनेकांनी या दिवसांच्या आठवणी लिहिल्या आहेत आणि त्यांतली कृतज्ञता खरी आहे. परंतु स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी ही व्यवस्था थांबत असे. सोवळ्याच्या घरी ज्याचे पान मांडता येत नाही त्याला वार नाही आणि माधुकरीही नाही. म्हणजे गरिबांतही जो अधिक गरीब, त्याला शहरात राहून शिकण्याचे कसलेच साधन नव्हते.

शाहू महाराजांनी नेमके हे हेरले, आणि त्यांची थोरवी मला येथे दिसते. केवळ फी माफ केल्याने खेड्यातला मुलगा कोल्हापुरात टिकत नाही, त्याला निजायला जागा आणि दोन वेळची भाकरी हवी, हे त्यांनी जाणले. 1896 मध्ये सर्व जातींसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थीच राहिले, हा अनुभव गाठीशी आल्यावर 1901 मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. दरबाराने जागा, इमारत आणि अनुदान द्यावे व त्या त्या समाजाच्या मंडळींनी कारभार पाहावा, अशी ही योजना होती. जातवार वसतिगृहांनी जातीच पक्क्या होतील असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. पण एकत्र वसतिगृहाचा प्रयोग आधी करून पाहिला गेला होता आणि तो कोणत्या कारणाने फसला हे आक्षेपकांनी ध्यानात घेतले पाहिजे. याच धड्यावर पुढे भाऊराव पाटलांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविणारे वसतिगृह चालवून दाखविले, मुलांची बेगमी सरली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडायला दिले, आणि 1947 मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात विद्यार्थ्याने अंगमेहनत करून आपले शिक्षण कमवावे ही रीत रुजविली.

घेणाऱ्याकडून काय मागावे, या दुसऱ्या प्रश्नाची कसोटी लागली ती बडोद्यात. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांच्या भेटीस नेले. दरमहा पंचवीस रुपयांच्या वेतनावर त्यांचे बी. ए. झाले, आणि 1913 मध्ये अमेरिकेस जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली. त्या वर्षी 4 जूनला करारनामा झाला, की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी. करार वाजवी होता, आणि सयाजीरावांचे औदार्य वादातीत. 1917 मध्ये मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धा सोडून आंबेडकर शब्द पाळण्यासाठी बडोद्यास आले. पण शहरात त्यांना राहावयास घर मिळेना, कचेरीतले शिपाई विटाळाच्या भयाने कागद दुरून टाकीत, आणि नाव लपवून ज्या पारशी खाणावळीत आसरा घेतला तेथूनही त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. करारनाम्यात विद्यार्थ्याच्या कर्तव्याचे कलम होते, पण दरबाराच्या बाजूने त्याला डोक्यावर छप्पर मिळेल असे कलम कोणाला सुचले नव्हते.

पंचवीस वर्षांनी, 1942 मध्ये, हेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री असताना त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. अलीगढ आणि बनारस येथील विद्यापीठांना सरकार दरसाल अनुदान देते, मग अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी काय, असा त्यात रोकडा सवाल होता. त्यात दयेची याचना नव्हती. रयतेच्या खजिन्यातल्या आपल्या वाट्याची ती मागणी होती, जशी 1849 च्या अर्जात मराठी ग्रंथकारांच्या वाट्याची होती. सरकारने वार्षिक 3,00,000 रुपये मंजूर केले, आणि 1944 पासून मॅट्रिकच्या पुढे शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना त्यातून शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. काही विद्यार्थी विलायतेसही गेले. या वेळी दहा वर्षांच्या नोकरीचा करार कोणाकडून लिहून घेतला गेला नाही.